पिंप, वेल आणि चौथी पिढी : रिओखातल्या एका घराण्याची गोष्ट

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की सर, तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस दारूवर काय बोलणार? एका जुन्या विद्यार्थिनीने तर काळजीने फोन केला. तेव्हा आधीच सांगून टाकतो. मी वाइनचा जाणकार नाही. जेवणासोबत अर्धा पेला, तोही कुणी आग्रह केला तर, एवढीच माझी मजल. दारूने मोडलेली घरं मी पाहिलेली आहेत, त्यामुळे तिचं कौतुक करायलाही बसलेलो नाही. आजचा विषय आहे परंपरा. फक्त ती आपण एका लाकडी पिंपात डोकावून बघणार आहोत.

उत्तर स्पेनमध्ये एब्रो नावाची नदी आहे. तिच्या खोऱ्यातला एक प्रदेश म्हणजे रिओखा, आणि रिओखात एक छोटं गाव आहे आरो. स्पॅनिशमध्ये ते ‘ह’ने लिहितात, पण ‘ह’ उच्चारत नाहीत. या गावाच्या रेल्वे स्टेशनला लागून वाइनची पाच-सात जुनी तळघरं एकमेकांना खेटून उभी आहेत. त्यातलं सगळ्यात जुनं लोपेस दे एरेदिया या घराण्याचं. स्थापना 1877. आज चौथी पिढी ते चालवते, मारिया होसे, मेर्सेदेस आणि हुलिओ सेसार ही तीन भावंडं. त्यांच्या मुख्य मळ्याचं नाव तोंदोनिया. तिथल्या तांबड्या वाइनमुळे जगातल्या दर्दी मंडळींना हे घराणं ठाऊक आहे.

‘जुन्या पद्धतीचं घराणं’ अशी त्यांची ओळख करून दिली जाते. मला बोलायचंय ते या ‘जुन्या’ शब्दाबद्दल.

दीडशे वर्षं मागे जाऊ. त्याच्याही आधी रिओखात वाइन होतीच, मध्ययुगापासून होती. पण ती कशी असायची? द्राक्षं दगडी टाक्यात टाकायची, पायांनी तुडवायची, आंबू द्यायची, आणि वर्षाच्या आत पिऊन संपवायची. वाहतूक बकऱ्याच्या कातड्याच्या पखालींतून. आपल्याकडे पखालीतून पाणी यायचं, तेलाचे बुधले असायचे, तसंच. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती आंबट व्हायची. म्हणजे वाइन नाशवंत माल होती, दुधासारखी. भाव मिळो न मिळो, विकावीच लागायची. द्राक्ष आणि टोमॅटो पिकवणाऱ्यांना हे दुखणं मी समजावून सांगायला नको.

अठराव्या शतकाच्या शेवटी मानुएल किंतानो नावाच्या एका धर्मगुरूने यावर उपाय शोधला. तो फ्रान्समध्ये बोर्दोला गेला आणि तिथली पद्धत बघून आला. तिथे वाइन ओकच्या पिंपात ठेवायचे, ठरावीक काळाने निथळून गाळ मागे टाकायचे, आणि ती वर्षानुवर्षं टिकायची. किंतानोने तसं करून पाहिलं. त्याची वाइन अटलांटिक ओलांडून क्यूबापर्यंत गेली आणि नासली नाही. मग काय झालं? गावाचा नियम असा होता, की वाइनचा भाव सगळ्यांना सारखा. पिंपाचा खर्च करणाऱ्यालाही तोच भाव, पखालीत भरणाऱ्यालाही तोच. इतर बागायतदारांनी तक्रार केली, नियम कायम राहिला. पिंपाचा खर्च निघेना, प्रयोग बुडाला. कल्पना बरोबर होती, हातही कसबी होते. पण चांगल्या मालाला वेगळा भाव देणारी व्यवस्था नव्हती. माझ्या मते रिओखाच्या इतिहासातलं सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण हेच आहे. पर्यटकांच्या पुस्तिकेत मात्र त्याला दोन ओळीच मिळतात.

पुढे 1850च्या दशकात लुसियानो मुरिएता याने लोग्रोन्योत आणि त्यानंतर मार्केस दे रिस्काल याने एल्सिएगोत पुन्हा बोर्दोची पद्धत आणली. हे उमराव लोक, हाताशी पैसा होता, जग पाहिलेलं होतं. तरी अजून ही हौसच होती. हौसेचा व्यापार झाला तो एका किड्यामुळे.

फायलोक्सेरा हा माव्याच्या जातीचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा किडा. तो वेलीच्या मुळातला रस शोषतो. मूळचा अमेरिकेचा. तिथल्या रानवेलींना त्याची सवय होती, युरोपातल्या वेलींना नव्हती. वनस्पतिसंग्रहाच्या हौसेपोटी अमेरिकन वेली बोटींतून युरोपात आल्या आणि त्यांच्याबरोबर हाही आला. 1860च्या दशकात दक्षिण फ्रान्समधल्या वेली सुकायला लागल्या. 1868 मध्ये प्लांशों या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मुळांवर हा किडा शोधून काढला. तोवर उशीर झाला होता.

बोर्दोच्या व्यापाऱ्यांकडे गिऱ्हाईक होतं, माल नव्हता. ते पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्ये उतरले. आरो त्यांना सोयीचं होतं, कारण बिल्बाओ बंदराकडे जाणारी रेल्वे 1863 पासून तिथून धावत होती. म्हणून सगळी तळघरं स्टेशनला चिकटून आहेत. पिंप तळघरातून निघालं की थेट मालगाडीत. 1882 मध्ये फ्रान्स आणि स्पेनमध्ये व्यापारी करार झाला, जकात उतरली, आणि या आडगावात पैसा वाहू लागला. रस्त्यावर विजेचे दिवे लागलेल्या स्पेनमधल्या अगदी पहिल्या गावांत आरोचं नाव येतं. बँक ऑफ स्पेनने तिथे शाखा काढली. शेजारच्याचं घर जळत होतं आणि त्या उजेडात आरोची दिवाळी चालली होती.

या धामधुमीत राफाएल लोपेस दे एरेदिया नावाचा तरुण आरोत आला. जन्म चिलीतला, व्यापाराचे धडे फ्रान्समध्ये घेतलेले, वय विशीच्या आसपास. फ्रेंचांच्या व्यापारात राहून त्याने त्यांची पद्धत उचलली. पुढे फ्रेंच परत गेले. हा राहिला.

फ्रेंच परत का गेले? कारण त्यांना उपाय सापडला. फायलोक्सेराला न भिणाऱ्या अमेरिकन वेलीचा खुंट घ्यायचा आणि त्यावर आपल्या फ्रेंच वेलीचं कलम करायचं. ज्या देशातून रोग आला, औषधही त्याच देशातून. फ्रान्सचे मळे पुन्हा उभे राहिले, 1892 मध्ये करार संपला, जकात वाढली, रिओखाची बाजारपेठ आटली. आणि 1899 मध्ये तो किडा खुद्द रिओखात पोचला. दहा वर्षांत बहुतेक मळे गेले. लोक गाव सोडून गेले, कित्येक अमेरिकेला.

इथे एक आपलं सांगतो. माझ्या चुलतभावाची निफाडजवळ द्राक्षबाग आहे. वाइनची नव्हे, खायच्या द्राक्षांची. त्याने मला पहिल्यांदा बागेत नेलं तेव्हा वेलीच्या बुंध्यावरचा सांधा दाखवला. खाली डॉगरिज, वर आपली जात. आपल्या नाशिक-सांगलीकडचे बागायतदार डॉगरिजचा खुंट वापरतात तो क्षारपड जमीन आणि पाण्याची ओढ सोसण्यासाठी. फायलोक्सेराचा तिथे प्रश्न नाही. पण डॉगरिज मूळची टेक्सासची रानवेल आहे. म्हणजे मुळं अमेरिकेची आणि फळ आपलं ही युक्ती फ्रान्सच्या त्या संकटात घडली, आणि तीच निफाडच्या बागेत जमिनीपासून वीतभर उंचीवर दिसते. ‘देशी’, ‘परदेशी’ असे वाद ऐकले की मला तो सांधा आठवतो.

असो. रिओखात येऊ. सगळे मळे मेले असताना, 1913-14 मध्ये, म्हणजे पन्नाशी ओलांडल्यावर, राफाएलने एब्रोच्या वळणावरची जमीन घेऊन शंभरेक हेक्टरांचा मळा लावायला घेतला. तोच तोंदोनिया. तीन बाजूंनी नदी, नदीतल्या गोट्यांची आणि चुन्याची जमीन. मुख्य द्राक्ष तेम्प्रानियो. नावाचा अर्थच ‘लवकरची’, आपण भाताला म्हणतो ना हळवं, तसं हे हळवं द्राक्ष. जोडीला गार्नाचा, ग्रासियानो, मासुएलो. पन्नाशीनंतर द्राक्षमळा लावणं म्हणजे काय, याचा जरा विचार करा. वेल तीन-चार वर्षांनी धरते, खरी वयात यायला वीस-तीस वर्षं घेते, आणि त्यांच्या पद्धतीने वाइन मुरायला आणखी दहा. तो मळा त्याने स्वतःसाठी लावलेला नव्हता, हे उघड आहे.

आता पिंपाकडे वळू. मला विषयाची गोडी लागली ती इथे. पिंप म्हणजे भांडं असं आपल्याला वाटतं. तसं नाही. रिओखातलं पिंप सव्वादोनशे लिटरचं, हे मापही बोर्दोहून आलेलं. ओकच्या फळ्या उघड्यावर वाळवायच्या, तासायच्या, विस्तवाच्या आचेवर वाकवायच्या, लोखंडी कड्यांनी आवळायच्या. खिळा नाही, सरस नाही. फळीला फळी इतकी घट्ट बसते की थेंब गळत नाही, तरी श्वासापुरती हवा आत जाते. त्या हवेने वाइनचा तुरटपणा हळूहळू मऊ होतो, गडद जांभळा रंग विटेसारखा होत जातो. लाकूड नवं असेल तर स्वतःचा वासही देतं, व्हॅनिलाचा, नारळाचा. अमेरिकन ओकमध्ये तो जास्त. रिओखाने पद्धत फ्रेंचांची घेतली, पण लाकूड बहुतांशी अमेरिकेचं वापरलं. त्यामागे हिशेब आहे. फ्रेंच ओक रेषेरेषेने फोडावा लागतो, करवत चालवली तर गळतो, त्यामुळे निम्म्याहून जास्त लाकूड वाया जातं. अमेरिकन पांढऱ्या ओकच्या नळ्या नैसर्गिकपणे बुजलेल्या असतात, तो करवतीने कापला तरी गळत नाही. स्वस्त पडतो. पुढे याच काटकसरीला लोक ‘रिओखाची अस्सल चव’ म्हणू लागले!

लोपेस दे एरेदियांच्या घरी पिंप बनवायची कार्यशाळा आजही चालू आहे. अमेरिकेतून लाकूड आणतात, आपल्या अंगणात वाळवतात, घरचे कारागीर पिंप घडवतात. तळघरांत अशी बारा हजारांहून अधिक पिंपं आहेत. पण गंमत ही, की त्यांना नव्या लाकडाचा वास नकोच असतो. पिंप दशकानुदशकं वापरतात. एखादी फळी कुजली तर तेवढी बदलतात. वाइन साधारण वर्षातून दोनदा हाताने एका पिंपातून दुसऱ्यात निथळून घेतात, साका मागे ठेवतात. निवळायला अंड्याचा पांढरा बलक. आपण साखरेचा पाक दूध घालून निवळतो, तोच प्रकार.

फळ्या एकेक करून बदलत गेल्या तर पिंप तेच राहिलं का? वर्गात मी हा प्रश्न थीसियसच्या जहाजावरून शिकवत असे. ‘मिलिंदपञ्ह’मध्ये नागसेन राजाला रथाबद्दल हेच विचारतो. चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? चाळीस वर्षं मी हे शिकवलं, आणि खरं सांगतो, मला तो थोडा शब्दांचा खेळच वाटायचा. पिंप दुरुस्त करणाऱ्या कारागिराला तो खेळ वाटणार नाही. त्याला ठरवावं लागतं, ही फळी राहू द्यायची की काढायची. ‘तेच पिंप’ हे कुठे आयतं पडलेलं नसतं, कुणीतरी ते रोज टिकवत असतं.

वाइन मुरवण्याला स्पॅनिशमध्ये शब्द आहे ‘क्रियान्सा’. त्याचा मूळ अर्थ मुलाचं संगोपन. रिओखाच्या नियमांत ही प्रतवारीच आहे : क्रियान्सा, रेझेर्वा, ग्रान रेझेर्वा. ग्रान रेझेर्वाला किमान पाच वर्षं मुरवण लागते, त्यातली निदान दोन ओकच्या पिंपात. हे घराणं त्यावर थांबत नाही. तोंदोनियाची रेझेर्वाच पाच-सहा वर्षं पिंपात असते, ग्रान रेझेर्वा त्याच्या दुपटीच्या आसपास, वर बाटलीत आणखी कित्येक वर्षं. शिवाय ग्रान रेझेर्वा दरवर्षी करत नाहीत, उत्तम वर्षीच. 2001च्या द्राक्षांची ग्रान रेझेर्वा बाजारात आली ती जवळपास वीस वर्षांनी. त्या वर्षी तोडणीला आलेल्या मजुराचं मूल तोवर कॉलेजात गेलं असेल.

यात अर्थशास्त्र आहे, आणि ते निष्ठुर आहे. वीस वर्षं माल तळघरात म्हणजे वीस वर्षं भांडवल अडकलेलं. कुठल्याही हिशेबनिसाला विचारा, तो म्हणेल, आजच विका. शेअर बाजारातली कंपनी असती तर भागधारकांनी तिसऱ्या वर्षी गळा धरला असता. घराण्याला हे जमतं, कारण आजोबांनी भरलेलं पिंप नातू विकतो आणि नातू आपल्या नातवंडांसाठी भरतो. यात भाबडेपणा नको. असं एक घराणं टिकतं तेव्हा शेजारची बुडालेली आपल्याला दिसत नाहीत. आणि एकत्र राहण्याची किंमतही कुणीतरी चुकती करत असतं. आमच्या घरी आजोबांची सतरा एकर होती. तिसऱ्या पिढीत बांध पडले, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लागल्या, मी नोकरीला लागून माझा हिस्सा विकला. चूक केली असं मला वाटत नाही. पण ज्या आंब्याची सावली मी खाल्ली तो माझ्या हिश्श्यात होता, आणि आता तो नाही, हेही खरं आहे.

या घराण्याची खरी कसोटी फायलोक्सेराने घेतली नाही, ती फॅशनने घेतली. 1980 नंतर वाइनचा जागतिक बाजार बदलला. रॉबर्ट पार्कर नावाचा अमेरिकन समीक्षक शंभरपैकी गुण देऊ लागला. गडद रंग, पिकल्या फळाचा दणका, नव्या फ्रेंच ओकचा ठसठशीत वास असलेल्या वाइनना गुण जास्त, आणि गुणांवर भाव. रिओखातली बरीच तळघरं त्या वाटेने गेली. जुनी पिंपं काढली, नवी फ्रेंच आणली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पोट सगळ्यांना असतं, आणि त्यातून काही फार चांगल्या वाइनही झाल्या. सध्याच्या भावंडांचे वडील पेद्रो हे तिसऱ्या पिढीचे. त्यांनी आपली पद्धत सोडली नाही. फिकट, विटकरी, धीम्या वासाची वाइन ते करत राहिले. त्या काळात ती कालबाह्य ठरवली गेली. मग नव्या शतकात हवा फिरली. त्याच वाइनला लोक ‘अभिजात’ म्हणू लागले, न्यूयॉर्क-लंडनमध्ये तिच्यासाठी रांगा लागल्या. वाइन तीच. वीस वर्षांपूर्वी नाकं मुरडणारेही काही त्या रांगेत असतील.

आता सुरुवातीचा तो ‘जुना’ शब्द पुन्हा घ्या. हे घराणं ज्याला परंपरा म्हणतं ती 1877 मध्ये काय होती? आयात केलेलं, परक्यांचं, खर्चिक तंत्रज्ञान. किंतानोच्या शेजाऱ्यांच्या डोळ्यांनी पाहिलं तर परंपरा होती पखाल, आणि पिंप हे बोर्दोचं खूळ. खुद्द बोर्दोने पुढे आपली पद्धत पार बदलली. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्सचा एक तुकडा आज स्पेनमधल्या एका तळघरात शिल्लक आहे आणि तो ‘अस्सल स्पॅनिश’ म्हणून विकला जातो. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. दीडशे वर्षं हातांनी केलेली गोष्ट त्या हातांचीच होते. आमच्या शास्त्रात ‘अनादि’ शब्द फार सैल हाताने वापरतात, म्हणून मला हे उदाहरण आवडतं. इथे आदि आहे, सालासकट आहे.

तळघरातल्या जळमटांबद्दलही विचारणा झाली होती. हो, छायाचित्रांत दिसतात ती खरी आहेत. भिंतींवर बुरशीचे थर, बाटल्यांवर कोळ्यांची जाळी. आपल्याकडे दिवाळीआधी पहिला झाडू तिथे पडला असता. ते लोक कोळ्यांना हात लावत नाहीत. बुचाच्या लाकडात अंडी घालणारे छोटे पतंग असतात, कोळी त्यांना खातात. पण हीच मंडळी सगळंच जसंच्या तसं ठेवतात असंही नाही. 2006 मध्ये त्यांनी दाराशी वाइन चाखण्याचा नवा मंडप उभा केला, तोही झाहा हदीद या वास्तुविशारद बाईंकडून. धातूचा, तिरका, सुरईसारख्या आकाराचा, जुन्या दगडी इमारतींशेजारी अगदी परग्रहावरून उतरल्यासारखा. गावात नाकं मुरडली गेली असणार. त्याच्या पोटात काय आहे? 1910च्या ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनासाठी राफाएलने बनवून घेतलेला लाकडी कोरीव गाळा. तो सुटा करून घरातच अडगळीत ठेवलेला होता. सापडल्यावर दुरुस्त केला, जोडला, आणि त्याच्याभोवती नवी वास्तू बांधून घेतली.

एक प्रश्न शिल्लक आहे, नाशिकबद्दलचा. आपल्याकडे असं घराणं होईल का? आपल्याकडे ओकच्या पिंपात मुरवलेल्या तांबड्या वाइन होतात, वीसेक वर्षं होतायत. हवा वेगळी, वर्षातून दोन छाटण्या, तळघर थंड ठेवायला वीज लागते. ते जमेल, तांत्रिक आहे. किंतानोची अडचण मात्र आपल्यालाही आहे. चांगल्या द्राक्षाला वेगळा भाव मिळेल याची खात्री नसेल, तर शेतकरी वजन वाढवणार, चव नाही. चुलतभावाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, “दादा, वीस वर्षांचं राहू दे, येत्या मार्चमध्ये गारपीट होणार नाही एवढं सांग.” मी काय सांगणार? त्याची धाकटी मुलगी पुण्यात कृषी महाविद्यालयात शिकते. सुट्टीत ती खुंटांवर कलमं भरते, बापापेक्षा तिचा हात हलका आहे असं तो स्वतः म्हणतो. बाग तिच्या नावावर करायची की मुलाच्या, यावर त्यांच्याकडे सध्या घुसळण चालू आहे.

पुढच्या महिन्यात कागदाबद्दल बोलू.